टायटॅनियमचा ब्रॅकेट प्रिंट केला, टेस्ट पास झाली. आता विमानासाठीचं सर्टिफिकेट कोण देणार?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. भोसरीत तुमचा छोटा कारखाना आहे आणि लेझरचं एक पावडर बेड मशीन आहे, म्हणजे प्लेटवर धातूची पावडर पातळ थरात पसरून, ती लेझरनं वितळवत थरावर थर पार्ट उभारणारं. त्यावर टायटॅनियम ६-४ चा (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू) एक ब्रॅकेट केलात. सोबत छापलेले तीन नमुने एनएबीएल (चाचणी लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये ओढून तोडले, ताकद सरासरी ११८० एमपीए (मेगापास्कल) आली, म्हणजे फोर्जिंगपेक्षाही, तापवून दाबून घडवलेल्या धातूपेक्षाही, जास्त. सीटी स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही. विमानाचे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीला तो दाखवला तर त्यांनी विचारलं, "सर्टिफाइड आहे का?" एक सल्लागार म्हणतोय की तीन महिन्यांत सर्टिफिकेट आणून देतो. तर सर्टिफिकेट कोण देतं, खर्च किती, आणि ऑर्डर आलीच तर चार लेझरचं दुसरं मशीन घ्यावं का?

मी आधी फोर्जिंगच्या आणि मग पावडर बेडच्या प्रक्रिया मंजूर करून घेण्याचं काम करत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते: सुटा पार्ट सर्टिफाय करून हातात कागद देणारी खिडकी कुठेच नाही. विमानाला टाइप सर्टिफिकेट असतं आणि ते डिझाइनला मिळतं. त्या डिझाइनमध्ये ड्रॉइंग येतं, मटेरियलचं स्पेसिफिकेशन येतं आणि तो पार्ट कोणत्या पद्धतीनं बनवायचा हेही येतं. पार्टबरोबर जो कागद जातो, म्हणजे आपल्याकडे नागरी विमानांचा नियामक डीजीसीएचा सीए फॉर्म १, युरोपात तिथल्या नियामकाचा इएएसए फॉर्म १ आणि अमेरिकेत तिथल्या एफएएचा ८१३०-३, तो इतकंच सांगतो की हा पार्ट मंजूर डिझाइनप्रमाणे, मंजूर व्यवस्थेखाली बनला आहे. तो कागदही ज्या संस्थेकडे तशी मंजुरी असते तीच देऊ शकते. तुमच्यासारख्या पुरवठादाराला बहुतेक वेळा डीजीसीए कधी भेटतही नाही. तुमची प्रक्रिया तपासणारा, मान्य करणारा आणि पुढे नियामकासमोर तिची जबाबदारी घेणारा तुमचा ग्राहक असतो.

लष्करी विमानांचा रस्ता वेगळा. तिथे हवाईयोग्यता बंगळुरूचं सेमिलॅक बघतं आणि गुणवत्तेची बाजू डीजीएक्यूए. अंतराळाला तर प्रवासी विमानांचे नियम लागूच नाहीत. तिथे ज्याची मोहीम त्याचे निकष, जसे नासाचे २०२१ पासून नासा-एसटीडी-६०३० मध्ये लिहिलेले आहेत. त्यामुळे पार्ट कुठे बसणार हे कळेपर्यंत "किती खर्च" याला प्रामाणिक उत्तर नाही. तुमचा सल्लागार बहुधा एएस ९१०० या प्रमाणपत्राबद्दल बोलत असेल. ते जरूर घ्या, त्याशिवाय दारात उभं करत नाहीत. पण ते तुमच्या व्यवस्थापन पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. एनएबीएल लॅबचं आहे. ब्रॅकेटबद्दल दोन्ही काही बोलत नाहीत. वेबसाइटवर "एरोस्पेस सर्टिफाइड थ्रीडी प्रिंटिंग" असा बॅनर लावणारे बरेच आहेत. कळणारा ग्राहक तो बॅनर बघून उलट सावध होतो.

आता खऱ्या अडचणीकडे येते. ग्राहकाला तुमचा हा एक ब्रॅकेट चांगला आहे की नाही यात फारसा रस नाही. पुढच्या वर्षी, पावडरचा वेगळा लॉट आणि वेगळा ऑपरेटर असताना, प्लेटच्या दुसऱ्या कोपऱ्यात बनलेला ब्रॅकेट याच्यासारखाच असेल हे तुम्ही कशावरून म्हणता, हा त्याचा प्रश्न आहे.

फोर्जिंगमध्ये हा प्रश्न निम्मा आधीच सुटलेला असतो. बिलेट, म्हणजे धातूचा ठोकळा, येतो तेव्हाच त्याच्याबरोबर तो बनवणाऱ्या मिलचं सर्टिफिकेट असतं आणि त्या धातूवर कित्येक दशकांचा डेटा असतो. सराफ सोनं आधी कसाला लावतो आणि मग दागिना घडवतो, तसं. पावडर बेडमध्ये धातू आणि पार्ट एकाच क्षणी तयार होतात. पावडरची डबी म्हणजे अजून तुमचं मटेरियल नव्हे. लेझरखाली वितळून, गोठून, पुढच्या शेकडो थरांची उष्णता सोसून जे उरतं ते मटेरियल, आणि ते तुमच्या मशीनमध्ये, तुमच्या सेटिंगवर तयार झालेलं असतं. म्हणून तुमच्या बाबतीत प्रक्रिया सिद्ध करणं हेच मटेरियल सिद्ध करणं.

नियमही हेच सांगतात. मोठ्या प्रवासी विमानांसाठी अमेरिकेचा भाग २५ आणि युरोपचा सीएस-२५ यांत कलमांचे आकडे सारखेच आहेत. २५.६०५ म्हणतं की बनवण्याची पद्धत सातत्यानं निर्दोष रचना देणारी हवी. जिथे प्रक्रियेवर बारीक नियंत्रण लागतं तिथे ती मंजूर प्रोसेस स्पेसिफिकेशनप्रमाणेच व्हायला हवी, आणि पद्धत नवी असेल तर चाचण्यांनी सिद्ध करायला हवी. २५.६१३ म्हणतं की डिझाइनमध्ये धरायची ताकद संख्याशास्त्राच्या आधारावर ठरवा. जिथे एक भाग तुटला की सगळा भार घेणारं दुसरं काही नसतं, तिथे ए-बेसिस धरतात: किमान ९९ टक्के मटेरियल त्या आकड्याच्या वर असेल, आणि हे ९५ टक्के खात्रीनं म्हणता आलं पाहिजे. भार वाटून घेणारी रचना असेल तर बी-बेसिस, म्हणजे ९० टक्के. आकड्यांच्या पसरणीचा आकार कसा आहे हे काहीच गृहीत न धरता सगळ्यात कमी आलेला आकडा ए-बेसिस म्हणून वापरायचा असेल, तर किमान २९९ नमुने लागतात. बी-बेसिसला २९. तुमच्याकडे तीन आहेत, आणि तेही एकाच बिल्डमधले, म्हणजे एकाच वेळच्या छपाईतले. प्रत्यक्षात पसरणीचा आकार बसवून नमुने कमी करता येतात, पण ते वेगवेगळ्या लॉटमधले, वेगवेगळ्या बिल्डमधले असावेच लागतात. सरासरी कितीही सुंदर असो, डिझाइन करणारा इंजिनिअर खालची शेपटी बघतो.

तुमच्या ११८० या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तो बघून तुम्ही खूश झालात आणि मी सावध झाले. ६-४ लेझरखाली इतक्या झपाट्यानं थंड होतो की आत सुईसारखी बारीक मार्टेन्साइट रचना तयार होते. ती मजबूत असते, पण ताणली जात नाही. रिपोर्टमध्ये इलाँगेशनचा, म्हणजे तुटण्याआधी नमुना किती टक्के लांबला त्याचा, रकाना बघा. तिथे ६-७ टक्के असेल तर तुम्ही मशीनमधून काढलेला, फार तर हलका स्ट्रेस रिलीफ (आतला ताण उतरवण्यासाठी तापवणं) केलेला नमुना तपासला आहे. पावडर बेडच्या ६-४ साठी एएसटीएम एफ२९२४ हे स्पेसिफिकेशन आहे. ते किमान ८९५ एमपीए ताकद आणि १० टक्के इलाँगेशन मागतं. हिप केलं, म्हणजे साधारण ८९५ ते ९५५ अंशांत १०० एमपीएहून कमी नाही अशा दाबाखाली दोन-चार तास ठेवलं, की ताकद साडेनऊशे-हजारच्या आसपास उतरते आणि इलाँगेशन १२-१५ पर्यंत चढतं. विमानात जाणारा ब्रॅकेट त्या दुसऱ्या अवस्थेतला असेल. तुमचा रिपोर्ट पहिल्या अवस्थेचा आहे. म्हणजे जो धातू उडणारच नाही, त्याचा आकडा तुम्ही दाखवताय.

शिवाय ब्रॅकेट ओढून तुटत नाहीत, फटीगनं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणानं थकून, तुटतात. टेन्साइल, म्हणजे ओढून तोडण्याची, चाचणी आतले बारीक दोष झाकून घेते, फटीग ते उघडे पाडते. गोल, वायूनं झालेली छिद्रं त्यातल्या त्यात परवडली. वाईट असतो तो दोन थरांमध्ये न वितळता राहिलेला चपटा दोष. तो बिल्डच्या उभ्या दिशेला आडवा पडतो, त्यामुळे पार्टवर ताण उभ्या दिशेनं आला की तो भेगेसारखाच वागतो. म्हणून नमुने आडवे छापून घेतलेला रिपोर्ट मी बाजूला ठेवते. उभे कुठे आहेत? आणि ताणाची मुख्य दिशा प्लेटवर कशी ठेवली होती?

हिपनं सगळं बुजतं असा एक समज आहे. आतली बंद छिद्रं बहुतेक मिटतात. पृष्ठभागाला उघडी असलेली मिटत नाहीत, कारण दाबाचा वायू त्यांच्या आतच शिरतो. आणि छिद्रात आर्गॉन अडकलेला असेल तर नंतरच्या उष्णतेत ते पुन्हा उघडू शकतं. प्रिंटचा खरखरीत पृष्ठभाग तसाच राहिला तर फटीगची भेग तिथूनच सुरू होते, आत कितीही शुद्ध धातू असो. मशीनिंग करता येईल तिथे करा. जिथे हत्यार पोचत नाही, तिथला फटीग डेटा तशाच खरखरीत नमुन्यांवर घ्या.

सीटी स्कॅनचं गणित तर साधं आहे. डिटेक्टरवर २००० पिक्सेल असतील आणि २०० मिलिमीटरचा पार्ट त्यात मावत असेल, तर एक घर ०.१ मिलिमीटरचं झालं. दोष ओळखू यायला त्यानं किमान तीनेक घरं व्यापायला हवीत, म्हणजे ०.३ मिलिमीटर. तुमचा थर ३० ते ६० मायक्रॉनचा. दोन थरांमधली चपटी फट याहून कितीतरी अरुंद असू शकते. टायटॅनियम जाड असेल तर क्ष-किरण कमी आरपार जातात आणि चित्र आणखी धूसर होतं. तेव्हा "काही सापडलं नाही" याच्यापुढे "इतक्या आकारापर्यंत" हे शब्द लिहा. ग्राहकाचा डॅमेज टॉलरन्सवाला माणूस सुरुवातच तिथून करेल: तुम्हाला दिसू न शकणारा सगळ्यात मोठा दोष आत आहे असं धरून किती तास उडता येईल.

आता हे सगळं किती कडक लागू होईल, तर ते पार्ट तुटला तर काय होईल यावर ठरतं. नासाचं मानक याच परिणामावरून भागांचे ए, बी, सी वर्ग पाडतं. उद्योगानंही हाच क्रम पाळला. जीई या अमेरिकी इंजिन कंपनीच्या व्यावसायिक इंजिनातला एफएएनं मान्य केलेला पहिला प्रिंटेड भाग, २०१५ सालचा, म्हणजे जीई९०-९४बी इंजिनातल्या एका सेन्सरचं कोबाल्ट-क्रोमचं कवच. त्यानंतर लीप इंजिनातला इंधन नोझल, ज्यात पूर्वीचे २० तुकडे एकात आले. २०१७ मध्ये नॉर्स्क टायटॅनियमला बोइंग ७८७ साठी रचनात्मक टायटॅनियम भागांची मंजुरी मिळाली, पण त्यांची पद्धत वायर आणि प्लाझ्माची, तुमच्यासारखी पावडरची नव्हे. जीईसारख्या मोठ्या कंपनीनंही कवचापासून सुरुवात केली. तुमचा ब्रॅकेट वायरिंगचा गठ्ठा धरणारा असेल तर गोष्ट आटोक्यातली. तो कंट्रोल सरफेसच्या, म्हणजे विमानाची दिशा बदलणाऱ्या हलत्या भागाच्या, बिजागरीजवळचा असेल तर मी तुम्हाला आज नाहीच म्हणेन.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या पीएस४ इंजिनाचं नाव सगळे घेतात, आणि ते योग्यच आहे. इस्रोच्या एलपीएससी या द्रव इंधनाच्या इंजिनांच्या केंद्रानं ते पावडर बेडसाठी नव्यानं डिझाइन केलं. १४ भागांचा एक झाला, १९ वेल्ड गेले. फोर्जिंग आणि पत्र्याचा ५६५ किलो माल लागायचा, तिथे १३.७ किलो पावडर पुरली. विप्रो थ्रीडीनं ते छापलं आणि ९ मे २०२४ ला ते ६६५ सेकंद चाललं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला अग्निकुल या खासगी रॉकेट कंपनीनं एकसंध प्रिंट केलेलं इंजिन श्रीहरिकोट्याहून उडवलं. पण यावरून "रॉकेटला चालतं तर विमानाला का नाही" असं म्हणू नका. रॉकेटचं इंजिन मिनिटांत मोजायच्या कामासाठी असतं आणि उड्डाणाआधी ते पेटवून बघता येतं. विमानाचा ब्रॅकेट हजारो उड्डाणं थरथरत काढतो आणि त्याची अशी पूर्ण परीक्षा आधी घेता येत नाही. १९ वेल्ड गेले म्हणजे १९ तपासण्याही गेल्या. त्यांच्या जागी एकच पार्ट आला ज्याच्या पोटात बघणं अवघड, म्हणून सगळा भार प्रक्रियेच्या शिस्तीवर आला.

शिस्त म्हणजे काय, हे तुमच्या शॉपपुरतं सांगते. प्रश्नात तुम्ही सहज लिहिलंय की याच मशीनवर मोल्डचे इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसणारे भाग, मॅरेजिंग स्टीलमध्ये करता. माझ्या मते हा तुमच्या तयारीतला सगळ्यात मोठा खड्डा आहे. टायटॅनियममध्ये स्टीलचे चार कण गेले तर टेन्साइलमध्ये कळणार नाही, रासायनिक तपासणीच्या ग्रॅमभर नमुन्यात ते येतीलच असं नाही, आणि फटीगची भेग नेमकी तिथून निघेल. मशीन कितीही पुसलं तरी बेलोज, फिल्टरची नळी, चाळणी यांच्या सांधीकोपऱ्यांत पावडर उरतेच. कुठलाही गंभीर ग्राहक "एक मशीन, एक धातू" यावर अडून बसतो. एकदा नीट उघडून, मशीनच्या कंपनीकडून साफ करून घेऊन ते टायटॅनियमला बांधून टाका, किंवा विमानाचा विचार सोडा.

पावडर किती वेळा वापरली याची वही बहुतेकांकडे असते, पण नुसती संख्या उपयोगाची नाही. जुनी-नवी मिसळली की कुठली पावडर कितव्या फेरीची हे सांगताच येत नाही. मिश्रणाला क्रमांक द्या आणि दर वेळी ऑक्सिजन मोजा. साध्या ६-४ ला ०.२० टक्क्यांची मर्यादा आहे, इएलआय या जास्त शुद्ध ग्रेडला ०.१३, आणि तो आकडा फेरीगणिक वरच सरकतो. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा पावडरमध्ये ओल धरते आणि ती थरावर नीट पसरत नाही, म्हणून खोलीची आर्द्रताही नोंदवा.

मग मशीन. सेटिंग गोठवणं म्हणजे फक्त लेझरची पॉवर आणि वेग लिहून ठेवणं नाही. मशीनचा सिरियल नंबर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, रिकोटरची (पावडर पसरवणाऱ्या भागाची) पट्टी रबरी की धातूची, वायूच्या झोताचा वेग, फिल्टर कधी बदलला, प्लेटवर पार्ट कुठे आणि कोणत्या कोनात होता, सपोर्टची फाइल, वायरकटनं पार्ट प्लेटवरून कापण्याआधीचा स्ट्रेस रिलीफ, हे सगळं त्यात येतं. यातलं काही बदललं तर काय पुन्हा तपासायचं हेही आधीच लिहून ठेवायचं. लेझर पावडर बेडच्या प्रक्रियेसाठी एएमएस ७००३ हे स्पेसिफिकेशन आहे. ते विकत घ्या आणि स्वतःची स्थिती त्यातल्या एकेका कलमाशी ताडून बघा.

वायूच्या झोताबद्दल मुद्दाम लिहिलं. एका पुरवठादाराकडे प्लेटभर नमुने छापले होते. टेन्साइलमध्ये सगळे एकसारखे. फटीगमध्ये मात्र वायू ज्या बाजूनं बाहेर जातो त्या बाजूचे नमुने लवकर तुटत होते. वितळताना उडालेले ठिपके झोताबरोबर तिकडे जाऊन पडत होते आणि त्यांच्याखालचा थर पुरता वितळत नव्हता. त्यांचे नेहमीचे नमुने प्लेटच्या मधोमध असायचे, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं. तेव्हा नमुने वाईट जागी ठेवा. चांगल्या जागचे नमुने तुम्हालाच फसवतात. आणि जाड गोल सळईचा नमुना तुमच्या ब्रॅकेटच्या दीड मिलिमीटरच्या भिंतीबद्दल फार काही सांगत नाही, कारण दोन्हींची थंड व्हायची गत वेगळी. म्हणून पात्रता चाचणीत काही पूर्ण ब्रॅकेट कापून, त्यांच्या भिंतीतूनच नमुने काढावे लागतात.

खर्चाचा आकडा देणार नाही, पण पैसा कुठे जातो ते सांगते. छपाईत कमी जातो. फटीगचे नमुने, कापाकापीचे ब्रॅकेट, हिप, आणि महिनोनमहिने फक्त चाचण्यांसाठी अडकलेलं मशीन यात जास्त जातो. हिप आणि पेनिट्रंट (रंगद्रवानं पृष्ठभागाच्या भेगा शोधणारी) तपासणी तुम्ही बाहेर कराल, पण ते पुरवठादार ग्राहकाच्या मान्य यादीतले असावे लागतात आणि बहुतेक वेळा त्यांच्याकडे नॅडकॅप, म्हणजे अशा खास प्रक्रियांची मान्यता, मागतात. स्वस्त पडतो म्हणून परस्पर दुसरा निवडलात तर तो बॅच फुकट गेला. तीन महिन्यांत हे होत नाही. पार्ट साधा असला आणि ग्राहक उत्साही असला तरी वर्ष धरून चाला.

म्हणून ग्राहकाकडे परत जाताना "सर्टिफाइड आहे" किंवा "होईल" यातलं काहीच म्हणू नका. त्यांना विचारा: पार्ट कोणत्या वर्गातला, डिझाइनची मंजुरी कोणाकडे, प्रक्रिया मान्य करायचं तुमचं स्पेसिफिकेशन कोणतं, आणि डिझाइन व्हॅल्यू तुमच्या आहेत की आम्ही तयार करायच्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "तुम्ही तयार करा" असं आलं, तर त्या चाचण्यांचे पैसे कोण भरणार हे त्याच बैठकीत ठरवा, कारण एवढा डेटा एका ब्रॅकेटच्या ऑर्डरवर वसूल होत नाही. तयार झालेला ब्रॅकेट जरूर द्या, पण त्यावर "उड्डाणासाठी नाही" असं कोरून. बसवून बघण्यासाठी तो उत्तम आहे. दरम्यान त्यांचेच जमिनीवरचे जिग-फिक्स्चर मागा. पैसे कमी मिळतील, पण त्यांची माणसं तुमच्या शॉपमध्ये येऊ लागतील आणि तुमच्या नोंदी बघतील.

चार लेझरचं मशीन आत्ता घेऊ नका. दोन मशीनं म्हणजे दुप्पट उत्पादन असं विमानाच्या कामात धरता येत नाही. प्रत्येक मशीनची पात्रता वेगळी सिद्ध करावी लागते, मॉडेल तेच असलं तरी. चार लेझरमध्ये भर पडते ती त्यांच्या हद्दी जिथे मिळतात त्या पट्ट्याची. तिथे एकाच थरावर दोन लेझर काम करतात, ते एकमेकांशी जुळलेले आहेत का हे सतत तपासावं लागतं, आणि त्या पट्ट्यातले नमुने वेगळे तोडावे लागतात. इन्सर्टची कामं तोडायची नसतील तर स्टीलसाठी एखादं वापरलेलं एक लेझरचं मशीन बघा आणि आताचं टायटॅनियमला ठेवा. मोठ्या मशीनचं मॉडेल ग्राहकानं लेखी मान्य केल्याशिवाय ॲडव्हान्स भरू नका.